जना, सोमाला पुन्हा आणलाय

जना, काल तुला गाढी नदीच्या काठावर जाळून आलो. आज सकाळी ठाण्यात पाय टाकला तर व्हरांड्यात भिंतीला टेकून सोमा कातकरी बसलेला. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला, आणि तो अधू पाय लांब सोडलेला. शिपायाला विचारलं, हा कशाला? तर म्हणतो, जना हवालदारांच्या खुनातला आरोपी.

मला हसू आलं रे, खरंच आलं. मग मी मागे नळावर जाऊन तोंड धुतलं.

नवे साहेब हुशार आहेत. त्यांनी विचार केला, जना हवालदाराच्या वाईटावर कोण असेल? कुणीतरी सांगितलं, तिजोऱ्यांच्या केसमध्ये जनाने एका कातकऱ्याला फोडून काढला होता, त्याचा गुडघा कायमचा गेला. झालं. कारण मिळालं, माणूस मिळाला. आणि माणूस कबूलही झालाय. सोमा कबूल होणारच. साहेबाला 'नाय' म्हणायचं नसतं हे त्याला त्याच्या बापाने शिकवलंय, आणि बापाला आपल्या खात्याने.

तू मात्र गप्प राहून सुटलास. इस्पितळात साहेब उशाशी बसून विचारत होते, कोणी मारलं, आणि तू म्हणालास, "बोटीवरना पडलो." बोटीवरून पडलेल्या माणसाच्या पाठीवर वल्ह्याचे वळ उठत नाहीत, हे साहेबांनाही कळतं. ते चहाला बाहेर गेले तेव्हा तू माझं मनगट धरलंस आणि नाव सांगितलंस. वर शपथ घातलीस. "एकदा सांगितलं, त्यान माजं घर गेलं. दुसऱ्यांदा नाय सांगनार. तू बी नाय." मी मान हलवली. मरणाऱ्या माणसापुढे दुसरं काय करणार होतो?

आज दुपारी साहेबांनी मला आत बोलावलं. सोमाला कोर्टात उभा करायच्या आधी एकदा विचारून घेतो म्हणाले, जना तुमच्यापाशी काही बोलला होता का? मी काय उत्तर दिलं ते तुला सांगणार आहे. पण त्याआधी भांडण. आपलं भांडण तू अर्धवट टाकून गेलायस, आणि अर्धवट टाकलेलं काम मला खपत नाही हे तुला माहीत आहे.

मी घाटावरचा, साताऱ्याकडचा. समुद्र पहिल्यांदा जवळून पाहिला तो तुझ्याबरोबर, मोरा बंदराच्या धक्क्यावर. एका फरारी माणसाच्या मागे लाँचमध्ये चढलो आणि धक्का सोडायच्या आधीच मी ओकायला लागलो. "घाटी, पोट आतच ठेव, लोका बघतान," असं म्हणून तू मला कॉलरला धरून बसवलंस. परत आल्यावर घरी नेलंस. हिरावहिनीने ताट वाढलं तर मी विचारलं, यात काटे किती असतात? ती अजून ते सांगून हसते. म्हणजे परवापर्यंत हसायची. तुझ्या घरात मी जेवढा जेवलो तेवढा माझ्या सख्ख्या भावाकडेही जेवलो नाही, हे तुला जिवंतपणी सांगायला पाहिजे होतं.

आणि तू मारायचास, जना. हे पण सांगतो, कारण तू गेल्यापासून लोक तुला देवमाणूस करायला निघालेत. तुझा हात अख्ख्या तालुक्यात माहीत होता. मी काही साधू नव्हतो, पट्टा मीही उचलला. पण तू मारताना तोंडातून अवाक्षर काढायचा नाहीस, शिवी नाही की दरडावणी नाही. त्या शांतपणाची मला भीती वाटायची.

पहिली तिजोरी गेली ती धान्याच्या व्यापाऱ्याच्या पेढीतली. फोडली नव्हती, अख्खी उचलून नेली होती. सहा माणसांना हलणार नाही अशी लोखंडी तिजोरी मागच्या दाराने गेली आणि फरशीला ओरखडासुद्धा नाही. आपण पोचलो तेव्हा शेठच्या आईने सगळी पेढी फिनेलने धुऊन, वर गोमूत्र शिंपडून घेतली होती. तेव्हाचे साहेब तडकले, पंचनाम्याच्या आधी हात कशाला लावलात? मुनीम हात जोडून म्हणाला, "बांनी, शेठच्या आईंनी, सांगितलं साहेब, लक्ष्मीच्या जागेला विटाळ झाला होता." कसला विटाळ ते कुणी विचारलं नाही. चोरांचे पाय लागले म्हणून असेल, असं आपण समजलो. मी तरी समजलो.

तू उंबऱ्यापाशी उकिडवा बसलास. उंबऱ्याच्या फटीत बोट घातलंस, नाकाशी नेलंस, आणि पँटला पुसलंस. मी विचारलं, काय रे? "कुट काय," म्हणालास.

दुसरी गेली खाडीजवळच्या भात गिरणीतली. तिथे वॉचमन आडवा आला. पहारीने त्याचं डोकं असं फोडलं होतं की कोंड्याच्या ढिगात त्याचा चेहरा कुठून सुरू होतो ते मला कळेना. बायको गावाकडून आली, तिला आपण चेहरा दाखवला नाही, पाय दाखवले. पायांवरून तिने ओळखलं. तू बाहेर जाऊन उभा राहिलास. मला वाटलं, जनालाही कधीतरी मळमळतं.

ओहोटी लागली तेव्हा ती तिजोरी खाडीच्या चिखलात सापडली, दार कापलेलं. शेजारी वीटभट्टी. भट्टीवरच्या सोमाने तिजोरीची मूठ उपटून आणली होती, झोपडीच्या दाराला लावायला. झोपडीला दार कसलं, कुडाचं एक झाकण. त्याला पितळी मूठ. साहेबांना ती लांबून चमकताना दिसली आणि त्यांनी वरिष्ठांना फोन करून टाकला, आरोपी मिळाला म्हणून.

मला साहेबांनी तळोज्याला पाठवलं होतं, कारखान्यांतून कुणाचा गॅस कटर गेलाय का ते बघायला. दारोदार फिरलो, नाकात वाफा घेतल्या, हाती काही लागलं नाही. परत आलो तर मागच्या खोलीत सोमा जमिनीवर पालथा, तळपाय काळेनिळे. तिथवर ठीक, ते रोजचंच होतं. पण गुडघ्यावर जाडी काठी ठेवून वर दोघे उभे राहिले होते, आणि त्यातला एक तू होतास. हाड मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला.

"तू केलंस ना?" "हाय साहेब." "वॉचमनला तूच मारलास?" "हाय साहेब." "तिजोरी कशी नेलीस?" सोमाने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "डोईवर." सगळे हसले. साहेब म्हणाले, साथीदारांसह असं लिहा. तू हसला नाहीस.

सोमा आत असतानाच तिसरी गेली. लाकडाच्या वखारीतली. वखारीचे मालक म्हातारे मियाँ, दारात खुर्ची टाकून वाट बघत बसलेले. "किसी चीज को हाथ नहीं लगाया साब, झाडूसुद्धा मारू दिला नाय. आप देख लो." मी आत गेलो आणि मला वास आला. सरळ, ढळढळीत मासळीचा वास, शाकाहारी माणसाला उलटी व्हावी असा. मग म्हाताऱ्याने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. लाकडांच्या ढिगात दोन आखूड, गुळगुळीत ओंडके पडले होते. "ये हमारा माल नहीं."

उचलले तर हातातून निसटले. तेल चोपडलेलं होतं, माशाचं तेल. तुझ्याच गावी, करंज्याला, मी स्वतः पाहिलं होतं, बोट किनाऱ्यावर ओढताना खाली ओंडके टाकतात आणि त्यांना हे तेल फासतात, म्हणजे एवढं मोठं धूड लोण्यासारखं सरकतं. तिजोरी तशीच सरकवत खाडीपर्यंत नेली होती, आणि पुढे भरतीच्या पाण्यावर बोटीने. पहिल्या पेढीत शेठच्या आईला विटाळ वाटला तो या वासाचा. बिचारीने पुरावाच धुऊन काढला होता, देवाच्या नावाने.

मी तुला बाजूला घेतलं. म्हटलं, जना, हे तुमच्याकडचं काम आहे. तू म्हणालास, "वखारीत कामगार जेवतान. डब्यात सुकट असंल." मी म्हटलं, ओंडक्याला सुकट? तू माझ्यावर धावून आलास. "घाटी, तुला काय कलतं म्हावऱ्यातलं?" एवढ्या वर्षांत तू माझ्यावर हात उगारलास तो तेवढाच.

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि परवापर्यंत संपलं नाही. मी विचारायचो, तुला कधी कळलं? तू म्हणायचास, वखारीत, तुझ्याबरोबरच. मी म्हणायचो, खोटं, उंबऱ्यापाशी कळलं. तू म्हणायचास, गप जेव.

साहेबांना साथीदार पाहिजेत म्हणून दुसऱ्या दिवशी सोमाच्या बापाला आणलं. म्हातारा, हाडांची मोळी. साहेबांनी पट्टा तुझ्या हातात दिला. "जना, तुझा हात चांगला बसतो." म्हाताऱ्याने कुणाच्या सांगण्याची वाट पाहिली नाही. डोक्याचं फडकं काढून घडी केली, बाजूला ठेवली, खाली पालथा पडला आणि गुडघे मोडून तळपाय आपणहून वर केले. कशी पद्धत असते ते त्याला पाठ होतं.

तू त्या तळव्यांकडे बघत उभा राहिलास. मग पट्टा टेबलावर ठेवलास. "साहेब, चोरी करनारी आमची मानसा हायत. करंज्याची. माजा चुलतभाऊ धर्मा हाय त्यांच्यान."

त्या क्षणी मला तुझा अभिमान वाटला, जना. एवढा अभिमान मला माझ्या बापाचाही कधी वाटला नाही. भांडण आहे म्हणून हे खोटं ठरत नाही.

करंज्याला आपण सकाळी लिलावाच्या वेळी गेलो. धक्का गच्च, पाट्या, बर्फ, बायांचा गलका. धर्मा आपल्याला बघून पळाला नाही. बोटीवरून कोयता घेऊन उतरला आणि सरळ माझ्यावर आला, मी परका म्हणून. मी पाटीला अडखळून पडलो होतो. कोयता माझ्या मानेवर यायचा तो तुझ्या हातावर आला. तुझी दोन बोटं बोंबलांच्या पाटीत पडली, आणि पाटीवाली बाई ओरडायची सोडून त्यांच्याकडे बघत राहिली. मी आज हा कागद पुढ्यात घेऊन बसलोय तो त्या दोन बोटांमुळे. त्याबद्दल तुला कधी 'उपकार झाले' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू शिवीच दिली असतीस.

पुढचं मात्र अटक करणं नव्हतं. धर्मा खाली पडला, कोयता दूर गेला, आणि तू त्याच्या छातीवर बसून रक्ताळलेल्या हातानेच त्याचं तोंड फोडायला लागलास. दात पडले, जबडा सरकला, तरी तुझा हात थांबेना. आम्ही चौघांनी तुला ओढला. पहिल्यांदाच तू मारताना ओरडत होतास. "तुज्यापायी मी त्या गरिबाचा पाय मोरला!" असं ओरडत होतास. धक्क्यावर कुणाला त्याचा अर्थ लागला नाही. मला लागला, पण मी तो नीट लावून घेतला नाही.

मग काकी आली, धर्माची आई. तुझी आई लहानपणीच गेली, तुला हिनेच वाढवलं. तिने मुठीएवढा दगड उचलला आणि हातभर अंतरावरून तुझ्या तोंडावर मारला. "माज्या दुदावर वाढलास ना रं?" एवढंच म्हणाली. तू नाकातून रक्त गळत उभा राहिलास, तोंड पुसलं नाहीस.

धर्माला शिक्षा झाली. सोमा सुटला. भावकीने तुला तोडलं. हिरावहिनीला कुणाच्या हळदीला बोलावणं नाही, कुणाच्या मयताला निरोप नाही. सणाला तुम्ही दोघं क्वार्टरमध्ये बसून राहायचात आणि मी माझं बायकोपोरांचं खटलं घेऊन यायचो, उगाच गोंगाट व्हावा म्हणून. धर्मा सुटून आला तेव्हा मी म्हटलं, सांभाळून राहा. तू म्हणालास, "त्याचं बरोबर हाय." काय बरोबर आहे ते मात्र सांगितलं नाहीस.

गेल्या आठवड्यात काकी गेल्याचं तुला बाजारात कुठल्या तरी म्हावरेवालीकडून कळलं. मला न सांगता निघालास. तुला माहीत होतं, सांगितलं असतंस तर मी दाराला कडी घातली असती. खांदा द्यायला गेलास. भावकीने तिरडीला हात लावू दिला नाही. किनाऱ्यावर नेऊन वल्ह्यांनी हाणला, वल्हं मोडलं तेव्हा मुठीचा भाग घेऊन हाणला, आणि चिखलात टाकून ते काकीला पोचवायला गेले. बर्फाच्या ट्रकवाल्याने तुला इथे आणलं. बरगड्या आत घुसल्या होत्या. डॉक्टर मला म्हणाले, हा माणूस बोलतोय कसा?

बोललास, पण साहेबांपुढे नाव घ्यायला नाही म्हणालास. मला वाटलं, मोठ्या मनाचा माणूस. कालपर्यंत तसंच वाटत होतं.

काल स्मशानातून आल्यावर हिरावहिनीने मला बसवून घेतलं. रडत नव्हती. म्हणाली, "भावजी, तुमी दोगं ज्यावर भांडायचात ना, ते मना माहीत हाय. ती पयली चोरी झाली त्या दिशी हे घरी आले, हात साबनानं धुतला, परत धुतला. जेवले नाय. म्हनाले, हिरे, वास आपले घरचा हाय."

म्हणजे मी जिंकलो. एवढी वर्षं मी हे भांडण जिंकायला बघत होतो, आणि काल जिंकलो तेव्हा मला तुझ्या चितेवर जाऊन तुला लाथ मारावीशी वाटली. तुला पहिल्या दिवशी माहीत होतं. तू तेव्हाच तोंड उघडलं असतंस तर तो वॉचमन जिवंत असता, त्याच्या बायकोला नवरा पायांवरून ओळखावा लागला नसता. आणि सोमा चालता असता. तू ज्या गुडघ्यावर उभा राहिलास तो निर्दोष माणसाचा आहे, हे तुला काठीवर पाय ठेवताना माहीत होतं. नंतर बोललास, बोटं दिलीस, घर दिलंस, हे सगळं मला मान्य आहे. ते मोठंच होतं. पण तू गप्प बसलास त्याची किंमत तू भरली नाहीस, जना. दुसऱ्यांनी भरली.

आणि मरताना पुन्हा तेच केलंस. तुझ्या माणसांना पाठीशी घातलंस, आणि त्यांच्या जागी कोण येऊन बसला? तोच. तोच माणूस, तोच व्हरांडा. तुला हे सुचलं नसेल, एवढं मी मानतो. बरगड्या फुटलेल्या माणसाला काय काय सुचणार? पण मला आज सकाळी ते दिसलं आणि डोळ्यांवर कातडं ओढायचं माझं वय गेलं.

तर साहेबांनी विचारलं, जना काही बोलला होता का? हिरावहिनीचा चेहरा समोर आला. नाव सांगितलं की करंज्याचा तिच्यासाठी राहिलासाहिला रस्ताही बंद होणार, हे मला दिसत होतं. तुझी शपथही होती. मी म्हटलं, "बोलला. धर्माने मारलं, वल्ह्याने. जनाने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं."

"मग आजवर का लपवलंत?"

"शपथ घातली होती."

"आणि आता?"

"आता बाहेर सोमा बसलाय."

 साहेबांनी रायटरला बोलावून माझा जबाब घेतला. मी सही केली. वाचता येईल अशी केली. संध्याकाळी जीप करंज्याला गेली. मला नेलं नाही. वहिनीला मी जाऊन सांगितलं. तिने दार लावून घेतलं. उद्या उघडेल की नाही, ते मला माहीत नाही. तुझ्या घरचं जेवण माझ्या नशिबात आता असेल असं वाटत नाही. तू शिव्या घालणार असशील तर घाल, मी ऐकून घेईन. पण हे पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा करीन.

सोमाला सोडायचा हुकूम झाला तेव्हा मी व्हरांड्यात गेलो. त्याला म्हटलं, ऊठ, जा घरी. तो उठेना. हा नवीन काही डाव असेल असं त्याला वाटलं असणार. मी काखेत हात घालून त्याला उभा केला आणि फाटकापर्यंत नेला. त्याचा तो पाय जमिनीवर खरवडत येत होता. फाटकापाशी त्याने इकडेतिकडे बघितलं आणि हळूच मला विचारलं,

"साहेब, जना म्हंजी कोन? सारखं इचारीत व्हते, जनाला का मारलास. त्यो गिरनीवरचा वाचमनच ना?"

तुझा खून केल्याची कबुली तो सकाळपासून देत होता आणि तुझं नाव त्याने कधी ऐकलेलंच नव्हतं. मी फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर त्याच्या शेजारी बसलो, आणि तू कोण होतास ते त्याला पहिल्यापासून सांगायला लागलो.